गोदाकाठचे पाट: गंगापूर ते नांदूर मधमेश्वर

गोदावरी म्हटलं की नाशिककरांना रामकुंड आठवतं, सिंहस्थ आठवतो, दुतोंड्या मारुतीपर्यंत चढणारा पूर आठवतो. माल भरून निघालेली नाव मात्र कुणाच्या आठवणीत नाही. असणार तरी कशी? पात्रात काळा कातळ, उन्हाळ्यात डोह तेवढे शिल्लक, पावसाळ्यात लोंढा. याच गोदावरीवर खाली आंध्रात राजमहेंद्रीजवळ आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमचा बंधारा बांधला. तिथल्या कालव्यांनी भातशेती भिजवली आणि त्यांतून नावाही चालल्या. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नदीमार्गे समुद्राला लावायची मोठी खटपट इंग्रजांनी केली, ती १८७१ मध्ये सोडून दिली. आपल्याकडे तर १८६५ सालीच रेल्वेने थळ घाट ओलांडला होता. नाशिकच्या कालव्यांनी वाहिलं ते फक्त पाणी. त्या पाण्याची वाट बघायला मी गंगापूर धरणावरून निघालो.

गंगापूरचं मातीचं धरण १९६५ मध्ये पुरं झालं. बांधलं शेतीसाठी, पण नाशिक शहर, सातपूर-अंबडचे कारखाने, एकलहऱ्याचं वीजकेंद्र असे वाटेकरी वाढत गेले. डावा कालवा मखमलाबादच्या अंगाने निफाडकडे जातो. उजव्या कालव्याचं शहरातलं अस्तित्व आता बरंचसं नावापुरतं उरलंय. उपनगर, जेलरोडकडे रिक्षावाल्याला ‘कॅनॉल रोड’ सांगा, तो बरोबर सोडतो. शहराने स्वतःचा पाट असा गिळावा आणि तिथे साधी पाटीही नसावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चांदोरी, सायखेडा मागे टाकून नांदूर मधमेश्वरला पोचलो. शहरापासून साधारण ४० किलोमीटर. दारणा आधीच गोदावरीला मिळालेली असते, इथे कादवाही येऊन मिळते, आणि त्या संगमाच्या खाली बंधारा. गर्दी असते ती दुर्बिणी घेतलेल्यांची. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, महाराष्ट्रातलं पहिलं नाव याचं लागलं. पण हे पक्षीतीर्थ बंधाऱ्यामुळेच घडलं. शंभर वर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. म्हणून मी आधी मनोऱ्यावर न जाता कालव्याच्या मुखाशी गेलो.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ दख्खनने सोसले. त्यानंतर ही कामं हाती आली. इगतपुरी तालुक्यात नांदगावला दारणा धरण, तिथलं पाणी नदीतूनच इथवर आणायचं, बंधाऱ्याने अडवायचं आणि दोन्ही काठांनी कालव्यात चढवायचं. डावा कालवा ९० किलोमीटर, उजवा ११०. पाणी सगळं उताराने, पंप कुठेच नाही. त्या काळातल्या मोजणीदारांनी किती बारकाईने पातळ्या धरल्या असतील, हे कालव्याच्या काठाने चालताना पावलोपावली जाणवतं.

दुष्काळासाठी बांधलेल्या कालव्यांची अडचण वेगळीच निघाली. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईनात, आणि पाणीपट्टीशिवाय खर्च निघेना. मग बारमाही उसाला उत्तेजन मिळालं. विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली: ठरावीक जमिनीला काही वर्षांसाठी पाण्याची हमी, त्यात उसाचा हिस्सा ठरलेला. सासवडकडचे माळी बागायतदार या कालव्यांवर येऊन जमिनी कसू लागले. पुढे कोपरगावच्या बाजूला साकरवाडी, लक्ष्मीवाडी अशी साखर कारखान्यांची गावंच उभी राहिली. या भागाची पहिली औद्योगिक वाट पाटाच्या काठानेच गेली, असं मी ठामपणे म्हणेन. अर्थात काळ्या जमिनीत पाणी मुरून कितीतरी रानं उपळट आणि खारवट झाली, ती किंमत शेतकऱ्यांनीच मोजली.

काठावर एक आजोबा भेटले. म्हणाले, “दादा, सात नंबर फॉर्म भरायचा, पाटकऱ्याची वाट बघायची. आवर्तन सुटलं की रात्रीही बारं द्यायला जावं लागतं. पण टेलच्या माणसाला इचारा, पाणी पोचतं का!” सात नंबर म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, आवर्तन म्हणजे ठरल्या काळाने कालव्यात सुटणारं पाणी, बारं देणं म्हणजे पिकाला पाणी देणं, आणि टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. कालव्यांनी शंभरी ओलांडलीय. भराव खचलेत, झाडोरा वाढलाय, मूळ क्षमतेइतकं पाणी आता वाहत नाही. शिवाय वरच्या धरणांतल्या पाण्यावर शहराचा हक्क आहे आणि खाली जायकवाडीचाही, त्यामुळे दोन आवर्तनांतलं अंतर ही इथल्या घराघरातली चिंता.

जायचं असेल तर पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्याच दिवसांत रब्बीचं आवर्तनही असतं, तेव्हा चालू पाट बघायचा असेल तर निघण्याआधी गावात कुणाला तरी विचारून घ्या.