ग्रिम बंधूंच्या वाटेवर: हानाऊ ते ब्रेमेन

परीकथा म्हटलं की जर्मनीत सगळे नॉयश्वानस्टाइनला धावतात. डिस्नेलँडच्या किल्ल्याला प्रेरणा देणारा हा बव्हेरियातला राजवाडा दुसऱ्या लुडविग राजाने १८६९पासून हौसेने बांधायला घेतला. दिसतो झकास, पण हिमगौरी, सिंड्रेलासारख्या जर्मन लोककथांचा संग्रह करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टींशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोष्टींसाठी जायचं तर हानाऊ ते ब्रेमेन हा सुमारे ६०० किलोमीटरचा परीकथा-मार्ग धरावा. तो १९७५मध्ये आखला गेला.

गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. डॉइचलांड-तिकिटावर (२०२५मध्ये महिन्याला ५८ युरो) देशभरच्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाड्यांना मात्र ते चालत नाही. हे तिकीट म्हणजे वर्गणी असते. १० तारखेच्या आत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. गाड्या उशिरा धावतात, तेव्हा बदलायच्या गाडीसाठी हाताशी अर्धा तास ठेवा.

हानाऊला तासभर पुरे. याकोब (१७८५) आणि विल्हेल्म (१७८६) इथे जन्मले, पण १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव गेलं. चौकात दोघांचा पुतळा आहे. त्यापेक्षा श्टाइनाऊला उतरा. त्यांचं बालपण गेलं ते घर तिथे शाबूत आहे. मारबुर्गच्या किल्ल्याखाली सिंड्रेलाचा अवाढव्य लाल बूट ठेवलाय, मुलं असतील तर चढून जा.

खरा मुक्काम कासेलला करा. ‘ग्रिमवेल्ट’ हे २०१५मध्ये उघडलेलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्याप्रमाणे बेत आखा. मला इथे खिळवून ठेवलं ते त्यांच्या कथासंग्रहाच्या, ग्रिम बंधूंच्या स्वतःच्या वापरातल्या प्रतींनी. छापील पानांच्या कडेला बारीक अक्षरात दुरुस्त्या, भर, खाडाखोड. त्या २००५पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत आहेत. रानावनात फिरून शेतकऱ्यांकडून गोष्टी गोळा केल्या, ही समजूत इथे गळून पडते. गोष्टी सांगणाऱ्या बऱ्याच जणी शहरातल्या, शिकलेल्या घरांतल्या तरुणी होत्या. डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायको, भाजी विकायला कासेलला यायची, आणि तिचं घराणंही मुळात फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनोंचं, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांचं!

कथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९मध्ये तिची सावत्र आई झाली. बेडूक राजकुमार होतो तो मुका घेतल्याने नव्हे, राजकन्या त्याला भिंतीवर आपटते म्हणून. सिंड्रेलाला परी भेटत नाही. आईच्या थडग्यावरचं झाड तिला कपडे देतं आणि बूट सोन्याचा असतो. काचेचा बूट आणि भोपळ्याची बग्गी फ्रेंच लेखक पेरोच्या गोष्टीतली. डिस्नेने १९५०च्या चित्रपटासाठी तीच गोष्ट उचलली. हे कळल्यावर डिस्नेचीच १९३७ची ‘स्नो व्हाइट’ पुन्हा पाहायला फार मजा येते.

हामेलन हे पुंगी वाजवून आधी उंदीर आणि मग मुलं घेऊन गेलेल्या पुंगीवाल्याचं गाव. तिथे जायला हॅनोव्हरहून लोकल आहे, पाऊण तास लागतो. फरसबंदीवर रंगवलेल्या उंदरांमागे चालत गेलात की गाव पाहून होतं. १२८४ साली, २६ जूनला १३० मुलं गेली, असा मजकूर इथल्या एका जुन्या घराच्या भिंतीवर कोरलाय. गंमत म्हणजे सर्वांत जुन्या नोंदींत उंदरांचा पत्ताच नाही, ते गोष्टीत १६व्या शतकात आले. पूर्वेकडे वसाहतीला नेलेले तरुण म्हणजेच ती मुलं, असं बरेच अभ्यासक मानतात. मुलं ज्या गल्लीतून गेली म्हणतात, तिथे आजही वाद्य वाजवायला बंदी आहे. लग्नाची वरातसुद्धा तिथून गुपचूप जाते. उन्हाळ्यात रविवारी दुपारी १२ वाजता गावकरी मोफत नाटक करतात. दुकानं त्या दिवशी बंद, पाणी-खाऊ आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

जेवणाची काळजी नको. कासेलकडे उकडलेल्या बटाट्यांसोबत सात सुगंधी वनस्पतींच्या पाल्याचा थंडगार हिरवा सॉस मिळतो. अंडी नको असतील तर आधी सांगा.

ब्रेमेनला नगरभवनाशेजारी गेरहार्ड मार्क्सने घडवलेले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे आहेत. ग्रिमच्या गोष्टीत हे चौघे वादक व्हायला ब्रेमेनला निघतात, पण तिथे पोचतच नाहीत! इच्छा मागायची तर गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरावेत. एका हाताने धरलेत तर एक गाढव दुसऱ्याला भेटलं, असं स्थानिक म्हणतात.

हिवाळ्यात जाणार असाल तर वाट वाकडी करून ड्रेस्डेनजवळचा मोरित्सबुर्ग महाल गाठा. १९७३च्या ज्या चेक-पूर्व जर्मन सिंड्रेलापटाशिवाय जर्मन नाताळ होत नाही, त्याचं चित्रीकरण तिथे झालं. थंडीत त्यावर प्रदर्शन भरतं आणि गर्दी लोटते, म्हणून तिकीट आधीच ऑनलाइन काढा.