घरच्या टोमॅटोचे बी धरताना

बी धरायचे ठरवले तेव्हा प्रश्न कोणते फळ घ्यावे यापेक्षा कोणत्या झाडाचे घ्यावे, हा अधिक महत्त्वाचा होता. माझ्याकडे एक संकरित आणि एक सरळ वाण अशी दोन प्रकारची झाडे होती. संकरित झाडे फळांनी लगडली होती खरी, परंतु त्यांत एकत्र आलेले दोन वाणांचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात, त्यामुळे तशीच फळे मिळतील याची शाश्वती नसते; म्हणून ती खाण्यापुरती ठेवली. सरळ वाणात ही अडचण सहसा येत नाही, कारण टोमॅटोच्या फुलात पुंकेसरांची नळी कुक्षीला वेढून असते आणि फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते. मोठ्या, खाचदार फळांच्या काही वाणांत मात्र कुक्षी नळीबाहेर डोकावते आणि तेथे संकराचा संभव वाढतो. माझ्या झाडांची फुले भिंगाखाली धरून पाहिली, तेव्हा कुक्षी आतच होती.

सर्वांत मोठ्या फळाचा मोह मी टाळला. एका झाडावरच्या लहान-मोठ्या सगळ्या फळांतील बियांचा वारसा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे हंगामभर निरोगी राहिलेले आणि सातत्याने चवदार फळे देणारे झाड निवडणे मला शहाणपणाचे वाटले. पाने आकसलेले किंवा चट्टे पडलेले झाड, फळ कितीही देखणे असले तरी, बाद केले. काही रोग बियांबरोबरही पुढे जातात. निवडलेल्या झाडाची फळे पूर्ण लाल होऊन बोटाला किंचित मऊ लागेपर्यंत झाडावरच राहू दिली.

फळ आडवे कापले की बियांचे कप्पे एकदम उघडे पडतात. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण असते आणि ते बीला ओल्या फळातच मोड येण्यापासून रोखते. हे आवरण काढण्यासाठी गरासह बिया काचेच्या बरणीत काढल्या, थोडे पाणी घातले आणि वर फडके बांधून बरणी उन्हापासून दूर ठेवली. आंबण्यास साधारण दोन ते चार दिवस लागतात. उष्ण हवेत ही क्रिया लवकर होते. वास असा सुटतो की बरणी घरातल्या माणसांपासूनही दूर ठेवावी लागते! पृष्ठभागावर बुरशीची पांढुरकी साय धरली आणि ढवळल्यावर बिया सुट्ट्या होऊन तळाशी बसू लागल्या, तेव्हा मी थांबले. ही वेळ साधणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे, कारण त्यापुढे बरणी तशीच राहिली तर आवरणाचा अडथळा गेलेल्या बियांना पाण्यातच मोड येऊ लागतात.

पुढचे काम झटपट झाले. बरणीत भरपूर पाणी ओतून वर तरंगणारा गर आणि पोकळ बिया हलकेच ओतून दिल्या, आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच पुन्हा केले. चाळणीत निथळलेल्या बिया चिनी मातीच्या ताटलीत पसरल्या, कारण कागदाला त्या इतक्या घट्ट चिकटतात की नंतर कागदासकटच पेराव्या लागतात. वाळवण सावलीत, वाऱ्याशी केली आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून बिया अधूनमधून बोटांनी चोळून सुट्ट्या केल्या. वाळल्यावर त्यांच्यावर बारीक करडी लव दिसू लागते, ती पाहून बुरशी आल्याची शंका येऊ शकते. पण ती बीची स्वाभाविक लव असते.

पूर्ण वाळलेले बी कागदी पाकिटात घालून त्यावर वाणाचे नाव आणि वर्ष लिहिले, आणि पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात थंड, कोरड्या जागी ठेवली. असे बी साधारणपणे चार ते पाच वर्षे चांगले उगवते. डबा बंद करण्यापूर्वी मूठभर बियांतील काही ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवल्या होत्या. त्यांतील बहुतेकांना आठवड्याभरात पांढरे मोड आले, तेव्हा पुढच्या हंगामासाठी विकतचे बियाणे आणण्याचा विचार मी सोडून दिला.