फाइल तुलनेची वेब सेवा: पाथ नेमका कुणाच्या नजरेने लिहायचा?

दोन एक्सएमएल फाइलींतला फरक काढून देणं हे सेवेचं काम, आणि ते ती चोख करते. डोकं फिरवलं ते ‘इनपुट कुठून, आउटपुट कुठे’ या दोन रकान्यांनी.

इनपुट देण्याचे मार्ग तीन: अपलोड, यूआरएल किंवा सर्व्हरवरचा पाथ (फाइलचा पत्ता). सेवा आमच्याच मशीनवर डॉकरमध्ये (प्रोग्रामला ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) चालू असल्याने पाथ घेतला. उत्तर एकच, ‘फाइल सापडली नाही’. फाइल समोर, पाथ अक्षर न् अक्षर बरोबर! पण तो पाथ वाचतो सर्व्हर, आणि सर्व्हर बसलाय कंटेनरच्या आत. त्याला तुमचं होम फोल्डर दिसतच नाही. कंटेनर सुरू करताना ते फोल्डर व्हॉल्यूम (कंटेनरला आतून दिसणारं बाहेरचं फोल्डर) म्हणून जोडायचं आणि विनंतीत कंटेनरच्या आतला पाथ लिहायचा. हे एक वाक्य मॅन्युअलमध्ये असतं तर काय बिघडलं असतं?

पुढे आउटपुटला ‘परवानगी नाकारली’. कंटेनरमधला यूजर वेगळा असू शकतो. त्याच्या यूआयडीला (यूजरच्या क्रमांकाला) आउटपुटच्या फोल्डरवर लिहिण्याची मुभा हवी. इनपुटचं फोल्डर वेगळं ठेवून फक्त वाचनासाठी जोडा, म्हणजे मूळ फाइलीवर निकाल लिहिला जाण्याची भीती नाही. यूआरएलचंही तेच: ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच मशीन’) लिहिलं की कंटेनर स्वतःकडेच फाइल मागतो. विंडोजवाल्यांनी जेसनमध्ये (विनंतीतली माहिती लिहिण्याचं स्वरूप) पाथ लिहिताना उलटी तिरकी रेघ दुहेरी द्यावी.

अपलोड त्या मानाने सरळ. कर्लमध्ये (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं साधन) फाइलच्या नावाआधी @ हवंच, नाहीतर नुसतं नावच मजकूर म्हणून जातं आणि जावाचा पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) ‘कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग’ म्हणून ओरडतो. कंटेंट-टाइपचा हेडर हाताने लिहू नका. त्यात बाउंड्री (भागांमधली सीमाखूण) राहून जाते आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत. फाइलीत डीटीडीचा (एक्सएमएलच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या फाइलचा) सापेक्ष पाथ असेल तर मात्र अपलोड टाळा. नुसता मजकूर पोहोचतो, तो मुळात कुठल्या फोल्डरातला हे सर्व्हरला कळत नाही, मग डीटीडी सापडणार कुठून?

आमच्या सेवेत आउटपुटचा रकाना रिकामा ठेवला तर निकाल थेट प्रतिसादात येतो. तो कर्लने फाइलीत घेताना ‘फेल’ (--fail) हा पर्याय जोडा, नाहीतर एररचा संदेशच निकाल म्हणून सेव्ह होतो.

हो, आणि सेवेच्या पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी स्वतःकडे घेणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याची अपलोडची मूळ मर्यादा 1 एमबी आहे. अपलोडला 413 (‘विनंती फार मोठी’ हा एरर) आला, तर तुलनेच्या सेवेचे लॉग चाळण्यात वेळ घालवू नका. विनंती तिथवर पोहोचलेलीच नसते.