मे महिन्यातले ऑर्क

जळगावच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. म्हणून वॉरहॅमर खेळातल्या इटुकल्या मूर्ती रंगवायला मी पहाटे पाचला बसतो. आईच्या जुन्या डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. असा तो बराच वेळ ओला राहतो.

वॉरहॅमर हा १९८३ सालचा, इंग्लंडातला, टेबलावर मूर्तींचं सैन्य मांडून खेळायचा लढाईचा खेळ. इंच मोजून चाल, फासे टाकून हल्ला. पण माझा जीव रंगवण्यात. काल एका ऑर्कच्या, म्हणजे खेळातल्या राक्षसी सैनिकाच्या, दातांना पिवळट पांढरा लावला, खाचांत पातळ तपकिरी सोडला, आणि तो एकदम जिवंत झाला!

लढाईच्या टेबलावरच्या छोट्या झोपड्यांची छपरं केळीच्या वाळल्या सोपटाची केलीत. रविवारी भुसावळहून मावसभाऊ येतो. मागच्या खेपेला म्हणाला, "भो, आधी छपरं पाहू दे, लढाई मग."