ग्रोथ हॉर्मोनचा एक आकडा पुरेसा का नसतो

मुलाची उंची वाढत नाही म्हणून सकाळी अनशापोटी ग्रोथ हॉर्मोनची तपासणी करून घ्यायची आणि आकडा शून्याच्या जवळपास आला की सगळ्या घराने धसका घ्यायचा, असे अनेकदा घडते. वास्तविक निरोगी मुलाच्या रक्तातही हे संप्रेरक दिवसाचा बराच वेळ जेमतेम मोजता येईल एवढेच असते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी ते सतत पाझरत ठेवत नाही. काही तासांच्या अंतराने थोडा वेळ ते भरभरून सोडते, आणि रक्तात आल्यावर सुमारे वीस मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. सर्वांत मोठा स्राव बहुधा रात्री, झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात होतो.

पिट्युटरीला हा ताल देतो तो तिच्या वरच्या बाजूला असलेला हायपोथॅलॅमस. त्याच्याकडून येणारे जीएचआरएच हे रसायन ग्रोथ हॉर्मोन तयारही करवते आणि रक्तात सोडायलाही लावते, तर सोमॅटोस्टॅटिन हे दुसरे रसायन ते सोडणे रोखून धरते. सोमॅटोस्टॅटिनचा शोध 1973 मध्ये लागला. जीएचआरएच मात्र हायपोथॅलॅमसमध्ये इतके अत्यल्प असते की 1982 मध्ये ते प्रथम हाती लागले ते स्वादुपिंडाच्या गाठींमधून, आणि तेही अशा रुग्णांच्या, ज्यांचे हातपाय ग्रोथ हॉर्मोनच्या अतिरेकाने बेढब वाढले होते. याशिवाय रिकाम्या जठरातून येणारे घ्रेलिन स्रावाला चालना देते, रक्तातली साखर वाढली की स्राव दबतो, आणि साखर उतरली किंवा दमछाक करणारा व्यायाम झाला की तो उसळतो. ग्रोथ हॉर्मोनच्या आज्ञेवरून यकृत जे आयजीएफ-1 बनवते, ते हाडांच्या वाढीला हातभार लावतेच, शिवाय हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी या दोघांनाही आवरते घेण्याचा निरोप पाठवते.

या साखळीतला एकच दुवा निखळला तर काय होते, हे सिंध प्रांतातल्या काही कुटुंबांच्या 1990च्या दशकातील अभ्यासातून फार स्पष्टपणे दिसले. त्यांच्यातील बाधित पुरुषांची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास होती, पण शरीर प्रमाणबद्ध होते. ग्रोथ हॉर्मोनचे जनुक शाबूत होते; दोष होता तो जीएचआरएचचा निरोप स्वीकारणाऱ्या पिट्युटरीवरच्या ग्राहीत. हाच जनुकीय बदल त्याआधी 1996 मध्ये एका भारतीय कुटुंबात नोंदवला गेला होता, आणि पुढे पश्चिम भारतातील मुलांमध्येही तो आढळला. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण अशा मुलांना बाहेरून ग्रोथ हॉर्मोन दिले तर ती वाढतात. वेळेवर निदान न होणे हेच त्यांचे खरे नुकसान असते.

म्हणूनच डॉक्टर पिट्युटरीला मुद्दाम डिवचून पाहतात. माझ्या भाचीची क्लोनिडिनची चाचणी झाली तेव्हा मी तिच्याजवळ बसले होते. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. त्याची गोळी दिल्यानंतर हाताला बसवलेल्या सुईतून दर अर्ध्या तासाने रक्त घेत होते. पोर गुंगीने पेंगत होती, आणि रक्तदाब उतरतो म्हणून तिला एकटीला उठू देऊ नका, असे सिस्टरनी दोनदा बजावले. तिचा गोळीपूर्वीचा आकडा नगण्य होता, तासाभरानंतरचा मात्र चांगला चढलेला होता, म्हणजे तिची ग्रंथी व्यवस्थित काम करत होती.

एका चाचणीत प्रतिसाद मिळाला नाही, तरी तेवढ्यावर सहसा निदान पक्के करत नाहीत, कारण पूर्ण निरोगी मुलेही कधी कधी एखाद्या चाचणीला दाद देत नाहीत. त्यामुळे बहुधा वेगळ्या औषधाने दुसरी चाचणी करतात आणि दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहणारे आयजीएफ-1, मनगटाच्या एक्स-रेवरून काढलेले हाडांचे वय व मागच्या सहा महिने ते वर्षभरात प्रत्यक्ष किती सेंटिमीटर उंची वाढली याची नोंद, हे सारे एकत्र ठेवूनच इंजेक्शनांचा निर्णय घेतात.