न दिसणाऱ्या पाहुण्याचं रेकॉर्डिंग

जपानच्या नोटो द्वीपकल्पात ५ डिसेंबरला शेतकरी भाताच्या देवाला शेतातून घरी आणतात. या विधीला आएनोकोतो म्हणतात. २००९ साली तो युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. एका माहितीपटासाठी मी तिथे साउंड रेकॉर्डिस्ट होतो. बोलणार एकटे यजमान, म्हणजे काम हलकं, असं वाटलेलं.

पण देव म्हणजे जोडपं, आणि दोघांनाही दिसत नाही. भाताची लोंबी डोळ्यांत जाऊन दृष्टी गेली, असं सांगतात. त्यामुळे यजमानाला सगळं तोंडाने सांगावं लागतं. आमचे यजमान आजोबा जुन्या दरबारी थाटाचा पोशाख घालून कापणी झालेल्या खाचरात गेले, कुदळ मारली, टाळ्या वाजवल्या आणि देवाला घेऊन निघाले. "इथे पायरी आहे हं, जपून." दारात आमचा कॅमेरामन उभा. सूनबाई हळूच म्हणाल्या, "जरा सरकता का? ते येताहेत." तो सरकला. मीसुद्धा.

शेकोटीपाशी ऊब घेऊन झाली, मग आंघोळ. न्हाणीघर एकदम आजचं: प्लास्टिकचा टब, भिंतीवर बटणं. आजोबांनी बाही सावरून पाण्यात हात घातला, "बेताचं गरम आहे, सावकाश होऊ द्या" म्हणाले आणि दार ओढून बाहेर बसले. आवाजात नाटकीपणा औषधालाही नाही. मी मात्र हेडफोन दाबून टबातलं पाणी हलतंय का ते ऐकत होतो!

जेवणाची दोन ताटं. अझुकी नावाचं लाल कडधान्य घातलेला भात, मासा, आमाझाके हे तांदळाचं गोड पेय, दोन फाटे फुटलेला मुळा. एकेका वाटीचं झाकण उघडून आजोबा आत काय आहे ते सांगत. मागे पुढच्या हंगामाच्या बियाण्याची पोती रचलेली. ९ फेब्रुवारीपर्यंत देवाचा मुक्काम त्यांतच.

नोटोतला २०२४ चा मोठा भूकंप १ जानेवारीला झाला. म्हणजे देव घरातच होते की, मी नंतर चहा घेताना म्हटलं. "म्हणून तर आधी पोती बाहेर काढली," आजोबा म्हणाले. "टीव्ही राहिला आत."

एडिटिंगला भांडण झालं ते आंघोळीवरून. बंद दार आणि बाहेर बसलेला म्हातारा, एवढा वेळ कोण बघणार, असं दिग्दर्शिकेचं म्हणणं. तिला पार्श्वसंगीताला बासरी हवी होती. बासरी मी होऊ दिली नाही. आंघोळ मात्र तिने निम्मी कापलीच.