तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रं पाठ करायला का देत नाही

"सर, तीस पत्रं द्या की ओ, पोरगी पाठ करून टाकेल." गेल्या महिन्यात हे मी चारदा ऐकलं. एकदा परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजीच्या परीक्षेसाठी शिकवतो त्या माझ्या क्लासच्या जिन्यात, एकदा इथं बेळगावात टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटपाशी, एकदा लग्नाच्या पंगतीत आणि एकदा रात्री साडेदहाला फोनवर. बाकीचे क्लास तयार पत्रं देतात, तयार निबंध देतात, पंचेचाळीस दिवसांत मोकळं करतात. तुम्हीच का देत नाही? माझ्यामागे जे बोललं जातं तेही कानावर येतं, की हा माणूस मुद्दाम लांबवतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी फीचं. मी पूर्ण कोर्सची फी घेतो, महिन्याची नाही. दोन महिने लागोत की पाच, मला मिळतात तेवढेच. लांबवून नुकसान माझंच. हा विषय माझ्यापुरता इथं संपला.

आता खरं सांगतो. मीही पत्रं देत होतो. सात वर्षांपूर्वीपर्यंत माझी बावीस पानांची झेरॉक्स होती. कॅनडाला जाणाऱ्यांसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या जनरल प्रकाराची पत्रं, घरमालकाला, मॅनेजरला, मित्राला. निबंधांचे चार साचे. आणि नर्सिंगच्या मुलींसाठी ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, एका रुग्णाला दुसऱ्याच्या हाती सोपवतानाची पत्रं. ती पानं मी रात्री जागून केली होती आणि मला त्यांचा अभिमान होता.

तेव्हाचा मी आजच्या माझ्याशी भांडायला आला तर त्याच्याकडे मुद्दे आहेत. तो म्हणेल, तू स्वतः इंग्रजी कसं शिकलास? आजारपणाचा रजेचा अर्ज पाठ करून. कन्नडमधला पहिला अर्ज कसा केलास? कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाच्या कागदावरून अक्षर न् अक्षर उतरवून. त्यातला एक शब्द आजही तुला नीट कळलेला नाही, पण शेताचा उतारा मिळाला की नाही? दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोर, घरात मराठी, बसवर कन्नड, आणि परीक्षेत एका तासात दीडशे शब्दांचं पत्र आणि अडीचशे शब्दांचा निबंध इंग्रजीत. त्याच्या हातात दोरी नको का द्यायला? यावर मला पटकन उत्तर सुचत नाही. तरीही मी ती पानं देणं बंद केलं. ते एका मुलीमुळे.

ती खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पलीकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून बेळगावातल्या एका दवाखान्यात तीन वर्षं सर्जिकल वॉर्डात होती. रात्रपाळी संपवून सकाळी नऊला क्लासला यायची, डोळे लाल, पण वही उघडलेली. माझी बावीसच्या बावीस पानं तिनं स्वल्पविरामासकट पाठ केली. मी समोर बसवून लिहून घेतलं, ती कुठंच अडली नाही. तिच्या आप्पांना मी फोनवर म्हटलं, काळजी सोडा. हे माझे शब्द आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

ओईटीची परीक्षा बेंगळूरला. रात्रीच्या बसनं गेली आणि रात्रीच्या बसनं परत आली. निकालात ऐकणं, वाचणं, बोलणं, तिन्ही पाचशेपैकी साडेतीनशेच्या वर. लेखनात २८०. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला लेखनात ३०० चालतात. वीस गुण.

ती आली तेव्हा पाऊस कोसळत होता. रडली नाही. म्हणाली, "सर, आठवतंय तसं परत लिहून दाखवू का?" आणि माझ्याच टेबलावर बसून लिहायला लागली. या परीक्षेत रुग्णाच्या नोंदी हातात देतात. पाच मिनिटं नुसतं वाचायचं, चाळीस मिनिटं लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्द. नोंदी मुद्दाम जास्त दिलेल्या असतात. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हीच अर्धी परीक्षा.

तिचा रुग्ण एक म्हातारा होता. पायाला जखम, घरी सोडायचं, ड्रेसिंगसाठी घरी नर्स जाणार. पत्र त्या नर्सला. मी वाचत गेलो. पहिली दोन वाक्यं माझी. दुसरा परिच्छेद माझा. तिसऱ्यात पूर्वीचे आजार, कारण माझ्या साच्यात तिसऱ्या परिच्छेदात पूर्वीचे आजार होते. त्यात बारा वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन, सालासकट. शेवटचं आभाराचं वाक्यही माझंच. भाषेची चूक जवळजवळ नाही. मी विचारलं, हा माणूस घरी कुणाबरोबर राहतो? ती म्हणाली, एकटा. वरच्या मजल्यावर. नजरही अधू आहे, जखम त्याला स्वतःला दिसत नाही.

"हे नोंदींत होतं?"

"होतं, सर."

"मग पत्रात का नाही?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. "साच्यात त्याला जागा नव्हती, सर."

मी पेन बाजूला ठेवायला सांगितलं आणि मराठीत विचारलं, ड्युटी संपवून दुसऱ्या सिस्टरच्या हाती पेशंट देताना काय सांगतेस? ती लगेच म्हणाली, "सिस्टर, आजोबा एकटेच असतात, डोळ्यांना दिसत नाही, ड्रेसिंग भिजलं तरी त्यांना कळायचं नाही, रोज बघायला लागतंय बघा." एका दमात. ओईटीत लेखनाला सहा निकष आहेत, त्यातला पहिला हाच, की पत्र कशासाठी लिहिलंय ते वाचणाऱ्याला चटकन कळतंय का. ते तिच्या तोंडात होतं. तीन वर्षं ती रोज ते काम करत होती. मी तिला ते विसरायला शिकवलं, आणि त्याचे पैसे घेतले.

आप्पा चार दिवसांनी आले. परीक्षेची फी तीस हजारांच्या वर, ती त्यांनी पतसंस्थेतून उचलली होती. मला एक शब्द बोलले नाहीत. काजूची पिशवी ठेवून गेले. ती निकालाआधीच माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली होती, हे मला नंतर कळलं.

त्या आठवड्यात मी बावीस पानांचे गठ्ठे कपाटात टाकले.

तेव्हापासून माझ्या क्लासात पहिले पंधरा दिवस इंग्रजी पत्र लिहून घेत नाही. बोलून घेतो. पत्र कुणाला जाणार, त्याला आधीच काय माहीत आहे, वाचून त्यानं काय करावं? हे मराठीत. आई-बाप वैतागतात, पोरगं इंग्रजीच्या क्लासात मराठी बोलतंय म्हणून. पण मला अनुभवानं दिसलंय की मुलांचं अडतं ते इंग्रजीच्या आधी. शाळेत आपण पत्र शिकलो ते "स. न. वि. वि." पासून, मग खुशाली, आणि शेवटी "कळावे, लोभ असावा". मधला मजकूर शिक्षकानं फळ्यावर लिहिलेला. आणि या भागात तर १९५६ पासून, म्हणजे हा मराठी मुलूख कन्नड राज्यात गेला तेव्हापासून, निवेदनं लिहिली जातायत. कचेरीपुढं कसं वाकून लिहायचं ते आमच्या बोटांतच आहे. म्हणून नळ गळतोय एवढं घरमालकाला कळवायचं असलं तरी आमची मुलं "रिस्पेक्टेड सर, आय हम्बली बेग" असं सुरू करतात. पैसे भरून राहणारा भाडेकरू हात जोडत नाही, त्याला फक्त सांगायचं असतं की तीन दिवस झाले, प्लंबर पाठवा. ही गोष्ट सांगितल्यावर एकदा एका मुलानं विचारलं होतं, "असं सरळ लिहिलेलं चालतंय काय?" त्या प्रश्नानं मला पोटात कालवलं.

निबंधाचंही तेच. "इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड" हे "आजच्या धावपळीच्या युगात" याचंच भावंड. साच्याची अशी वाक्यं साठसत्तर शब्द खातात आणि विषयाबद्दल काहीच बोलत नाहीत. आयईएलटीएसमध्ये निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असतं, आणि पाठ केलेलं ओळखायला परीक्षकांना शिकवलेलं असतं.

इथंच थांबलो असतो तर माझं म्हणणं पक्कं दिसलं असतं. पण पुढचं सांगायला हवं. त्या मुलीनं दुसऱ्यांदा परीक्षा दिली, लेखनात ३२० मिळवले, आज ती इंग्लंडात आहे. मधल्या अडीच महिन्यांत मी तिला फी न घेता शिकवलं, साच्याशिवाय. त्याच काळात तिनं दुसऱ्या एका क्लासचं तयार पत्रांचं पुस्तकही आणलं होतं, रात्रपाळीत वाचायची. मला माहीत नव्हतं. जायच्या आधी मी विचारलं, कशाचा उपयोग झाला? ती म्हणाली, "दोन्हीचा, सर." ती माझं मन राखत होती की खरं बोलत होती, ते मला ठरवता आलेलं नाही. आप्पांचा मात्र विश्वास पुस्तकावर बसला. गावातल्या पुढच्या दोन मुली त्यांनी त्या क्लासला पाठवल्या, आणि त्यातली एक पहिल्याच फेरीत पास झाली.

ज्याला आयईएलटीएसमध्ये नुसते सहा बँड, म्हणजे नऊपैकी सहा, हवेत आणि ज्याच्या हातात तीन आठवडे आहेत, त्याला साचा तारतो, हेही मी पाहिलंय. माझ्याकडून निघून तसे पास झालेले आहेत. त्यांच्या घरचे रस्त्यात भेटले की मी नजर चुकवत नाही, पण बोलायलाही काही सुचत नाही.

आणि तुम्हाला कुठून तरी कळणारच, म्हणून हेही सांगतो. परवा निपाणीचा एक मुलगा आला. परीक्षेला अकरा दिवस, व्याकरण कच्चं, दुसऱ्यांदा बसतोय, आई बरोबर होती. मी कपाट उघडलं नाही. पण फळ्यावर औपचारिक पत्राची पहिली दोन वाक्यं मी स्वतः लिहिली आणि त्याला म्हटलं, ही उतरवून घे.